घरच्या लॅबला नॅस कोणता घ्यावा? टीबी मोजण्याआधी हे वाचा

दिवाळीच्या आधी भाच्याने व्हॉट्सअॅपवर एक यादी पाठवली. चार खणांचा नॅस (नेटवर्कवरून बाकीच्या मशीनना जागा देणारा डिस्कचा डबा), आठ-आठ टीबीच्या चार हार्ड डिस्क, रेड-५ (एक डिस्क मेली तरी डेटा वाचेल अशी जोडणी), दोन लॅन पोर्ट. खाली एकच ओळ : "मामा, लॅबसाठी एवढं पुरन ना?"

पोरगं नागपूरच्या मिहान औद्योगिक क्षेत्रातल्या एका कंपनीत नुकतंच सपोर्टला लागलंय. दोन जुने मिनी पीसी त्याने जमवलेत आणि घरी प्रॉक्समॉक्सवर (एका मशीनमध्ये अनेक आभासी मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) क्लस्टर, म्हणजे अशा मशीनची एकत्र जोडणी, शिकायचंय. मी फोन लावला. किती व्हीएम, म्हणजे आभासी मशीन, चालवणार? सात-आठ. एकेकाची डिस्क केवढी? तीस-चाळीस जीबी. म्हणजे सगळं मिळून तीनशे जीबी, आणि यादीत बत्तीस टीबी. जागा शंभर पट जास्त होती ते ठीक, पैसे त्याचे होते. पण एवढे पैसे ओतूनही ती लॅब रडत-कुथतच चालली असती, कारण यादीत टीबी सोडून दुसरं काही मोजलंच नव्हतं.

त्याला जे सांगितलं ते थोडं वाढवून इथे लिहितोय. नव्याने लॅब उभारणाऱ्यांसाठी आहे. कंपनीच्या डेटा सेंटरचा हिशोब वेगळा असतो, त्यात मी पडत नाही.

पायरी १ : नेटवर्क स्टोरेज लागतंच का, ते ठरवा

लॅबमध्ये एकच मशीन असेल तर लागत नाही. मशीनमध्ये एक बरा एनव्हीएमई एसएसडी टाका आणि हा लेख बंद करा. नेटवर्कवरचं कुठलंही स्टोरेज मशीनच्या पोटातल्या एसएसडीपेक्षा हळूच चालणार.

दोन होस्ट, म्हणजे व्हीएम चालवणारी दोन मशीन, असतील तेव्हा खरा प्रश्न येतो. चालू व्हीएम एका होस्टवरून दुसऱ्यावर हलवायचा असेल तर दोघांना एकच डिस्क दिसणं सोयीचं. तसं प्रॉक्समॉक्स लोकल डिस्कसकटही व्हीएम हलवतं, फक्त पूर्ण डिस्क कॉपी होईस्तोवर थांबावं लागतं. पण एक होस्ट अचानक मेला आणि त्यावरचा व्हीएम दुसऱ्याने उचलावा अशी इच्छा असेल, तर डिस्क मेलेल्या होस्टच्या पोटात असून भागत नाही. मधला एक मार्गही आहे. दोन्ही होस्टवर झेडएफएस (डिस्कवरचा डेटा सांभाळणारी फाईल सिस्टीम) ठेवून ठरावीक वेळाने नक्कल करायची. प्रॉक्समॉक्समध्ये ही नक्कल मुळात दर पंधरा मिनिटांनी होते, वेळ कमी करता येते. होस्ट गेला तर शेवटच्या नकलेनंतरचं काम गेलं. लॅबमध्ये हे बऱ्याच जणांना चालतं, आणि चालत असेल तर नॅसचे पैसे वाचले.

खरेदीआधी एक फुकटची रंगीत तालीम करून बघा. ३२ जीबी रॅमचं एकच मशीन असेल तर त्यात दोन प्रॉक्समॉक्स व्हीएम म्हणून टाका, तिसरा ट्रूनॅसचा (साध्या पीसीचा नॅस करणारं सॉफ्टवेअर) व्हीएम करा आणि तिघांना आतल्या आत जोडा. वेग काही मिळणार नाही. पण शेअर (नॅसवरचं सामायिक फोल्डर) कसा जोडतात, व्हीएम कसा हलतो, नॅस बंद पडला की काय होतं, हे सगळं एका रविवारात दिसतं. भाच्याला मी पहिले हेच करायला लावलं. त्या एका रविवारात त्याची यादी निम्मी झाली.

पायरी २ : टीबी सोडा, हेलपाटे मोजा

यादी करताना हा हिशोब कोणी करत नाही, म्हणून इथे जरा थांबतो.

७,२०० आरपीएमची हार्ड डिस्क घ्या. मिनिटाला ७,२०० फेरे, म्हणजे एका फेऱ्याला ८.३३ मिलिसेकंद. हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा लागतो, म्हणजे ४.१७. त्याआधी हेड योग्य ट्रॅकवर सरकायला साधारण ८ ते ९. बेरीज साडेबारा-तेराच्या घरात. सेकंदाला असे किती हेलपाटे होतील? ऐंशीच्या आसपास. यालाच आयओपीएस म्हणतात.

आता व्हीएम काय करतात ते बघा. एक मोठी फाईल सलग वाचताहेत असं क्वचितच होतं. लॉगमध्ये एक ओळ, डेटाबेसमध्ये एक नोंद, रजिस्ट्रीत एक किल्ली. सगळं चार-चार, आठ-आठ केबीचं, आणि डिस्कवर विखुरलेलं. ऐंशी हेलपाटे गुणिले चार केबी म्हणजे सेकंदाला ३२० केबी. जी डिस्क पिक्चर कॉपी करताना दीडशे एमबीने पळते तीच इथे ३२० केबीवर येते. एका लग्नघरी दोनशे प्लेट तर्रीपोहे पोचवायला एक ऑटो पुरतो. दोनशे घरी एकेक प्लेट पोचवायची म्हटलं की तोच ऑटो दिवसभर फिरत बसतो.

रेड-५ ने हे सुटेल असं वाटतं, पण सुटत नाही. रेड-५ वर एक छोटी नोंद लिहायला चार कामं करावी लागतात : जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी (गेलेला डेटा परत काढायला ठेवलेला हिशोब) वाचा, नवा डेटा लिहा, नवी पॅरिटी लिहा. चार डिस्कचे मिळून ३२० हेलपाटे, भागिले चार, परत ऐंशीच. म्हणजे भाच्याच्या यादीतल्या चारही डिस्क छोट्या लेखनात एका डिस्कएवढ्याच पळाल्या असत्या. त्याच चार रेड-१० मध्ये, म्हणजे एकमेकींची नक्कल ठेवणाऱ्या जोड्यांत, लावल्या तर १६०. त्यानेही आठ व्हीएमचं पोट भरत नाही.

माझी पहिली लॅब दोन खणांच्या नॅसवर होती, दोन हार्ड डिस्क मिररमध्ये, म्हणजे दोन्हीवर तोच डेटा. एका बुधवारी सकाळी तीन विंडोज सर्व्हरनी एकदमच अपडेट घ्यायला सुरुवात केली. लॉगिनची खिडकी उघडायला चार मिनिटं. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के लाल, आणि खाली वेग सेकंदाला दीड एमबी. मी काय केलं? लॅन केबल बदलली. मग स्विच बदलला. मग दोन पोर्ट एकत्र बांधून "दुप्पट वेग" करायचा उद्योग केला. तीन दिवस गेले. केबल बिचारी ११० एमबी ओढायला तयार बसली होती, मागून डिस्क तिला दीडच देत होती.

साध्या साटा एसएसडीत फिरणारं काहीच नाही. एका वेळी एकच मागणी असली तरी तो सेकंदाला हजारो हेलपाटे मारतो, मागण्यांची रांग लागली तर कागदावरचा आकडा नव्वद हजारांच्या आसपास जातो. गिगाबिट लॅनमधून चार-चार केबीचे तुकडे फार तर सत्तावीस हजार जातील. म्हणजे एसएसडी लावला की मग कुठे केबल कमी पडायची शक्यता निर्माण होते, आणि आठ व्हीएमच्या लॅबमध्ये तीही रोजची गोष्ट नाही.

पायरी ३ : डिस्क

दोन साटा एसएसडी, एक-एक टीबीचे, मिररमध्ये. नव्या माणसासाठी माझं उत्तर एवढंच.

तीनशे जीबीसाठी एक टीबी का? झेडएफएसचा पूल (एकत्र जोडलेल्या डिस्कचा साठा) ८० टक्क्यांवर गेला की मंदावतो, आणि त्यावर आयस्कझीने (पायरी ५ बघा) ब्लॉक वाटायचे असतील तर निम्म्याच्या आत राहिलेलं बरं. शिवाय स्नॅपशॉट (व्हीएमची त्या क्षणाची जपलेली स्थिती) जागा खातात. लॅबमध्ये आपण दर प्रयोगाआधी स्नॅपशॉट घेतो आणि पुसायला विसरतो.

स्वस्तातल्या स्वस्त एसएसडीपासून मात्र सांभाळा. क्यूएलसी (एका पेशीत चार बिट कोंबणारे) आणि डीरॅम (आतली वेगवान मेमरी) नसलेले एसएसडी पहिले काही जीबी पाचशे एमबीने लिहितात, आतली कॅश भरली की हार्ड डिस्कच्या वेगावर किंवा त्याखाली येतात. इथल्या बर्डी बाजारातल्या दुकानात विचारलं तर काऊंटरवरचा पोरगा म्हणेल, "दादा, सगळे सारखेच." ते ऐकू नका. मॉडेल नंबर घरी आणून बघा, टीएलसी (पेशीत तीनच बिट) आहे का आणि किती टीबीडब्ल्यूची, म्हणजे एकूण किती टीबी लिहिण्याची, हमी आहे ते वाचा, मग दुसऱ्या दिवशी जाऊन घ्या. शक्य असेल तर दोन एसएसडी दोन वेगळ्या कंपन्यांचे घ्या. एकाच लॉटचे जुळे भाऊ एकाच आठवड्यात आजारी पडू शकतात.

सर्व्हरमधून निघालेले जुने एंटरप्राइज एसएसडी मिळाले तर मी ते नव्या स्वस्त एसएसडीच्या आधी घेईन. त्यांच्यात बहुधा कपॅसिटर असतात, वीज गेली तरी हातातलं लिहून पूर्ण करतात. घेताना स्मार्ट अहवाल (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) मागा, झीज किती टक्के झालीये ते बघा.

हार्ड डिस्कलाही काम आहे, फक्त दुसरं. आयएसओ, टेम्प्लेट आणि बॅकअप एका मोठ्या हार्ड डिस्कवर टाका, तिथे ती मजेत राहते. घेताना एवढं बघा की ती सीएमआर (ट्रॅक शेजारी-शेजारी असलेली) आहे. एसएमआर डिस्कमध्ये ट्रॅक कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात. मधलं एक कौल बदलायचं तर पुढची सगळी ओळ उचलावी लागते. नुसतं साठवून ठेवायला ठीक, पण रेडमध्ये नवी डिस्क भरून काढताना दिवसचे दिवस जातात, कधी डिस्क मध्येच बाहेर फेकली जाते. २०२० मध्ये तर खास नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही डिस्क एसएमआर निघाल्या आणि जगभर ओरड झाली. खोक्यावर विश्वास ठेवू नका, कंपनीच्या माहितीपत्रकात मॉडेलसमोर काय लिहिलंय ते बघा. एक टीबी आणि त्यावरच्या अडीच इंची हार्ड डिस्क बहुतेक एसएमआरच असतात.

जुनी हार्ड डिस्क घेत असाल तर रीॲलोकेटेड आणि पेंडिंग (बिघडलेले आणि संशयातले) सेक्टर शून्य पाहिजेत, आणि घरी आल्यावर स्मार्टची मोठी चाचणी रात्रभर लावा. दुकानदाराला आधीच सांगून ठेवा की उद्या चाचणी नापास झाली तर परत आणीन. सरळ माणूस असेल तर हो म्हणतो.

आणि मिरर म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून व्हीएम पुसला तर मिरर तो दोन्हीकडून इमानदारीने पुसतो.

पायरी ४ : तयार डबा की जुना पीसी?

तयार नॅस शांत असतो, वीज कमी खातो, डिस्क पुढून खेचून काढता येते, आणि स्क्रीनवर सगळं चित्रांत दिसतं. किंमतीच्या मानाने प्रोसेसर आणि रॅम मात्र तोकडी. घ्यायचाच असेल तर तीन गोष्टी बघा : रॅम वाढवता येते का, निदान एक २.५ गिगाबिट पोर्ट आहे का, आणि तुमच्या डिस्क त्याच्या मान्य यादीत आहेत का. शेवटची गोष्ट लोक विसरतात. काही मॉडेल दुसऱ्या कंपनीच्या डिस्क घालताना कुरकुर करतात.

माझा कल जुन्या पीसीकडे आहे. घरात किंवा ऑफिसच्या अडगळीत पडलेला चौथ्या पिढीचा आय-५, १६ जीबी रॅम, त्यावर ट्रूनॅस. ट्रूनॅसला कमीत कमी ८ जीबी लागते. त्यापुढची सगळी रॅम तो वाचनाची कॅश म्हणून वापरतो आणि ते व्हीएमच्या पथ्यावर पडतं. रॅम ४ जीबीच असेल तर ओपनमीडियाव्हॉल्ट टाका, ते डेबियनवर चालतं आणि थोडक्यात भागवतं. ट्रूनॅस बूटसाठी एक अख्खी डिस्क अडवून बसतो. त्याला एखादा जुना १२० जीबीचा एसएसडी द्या. पेन ड्राइव्हवर बूट करू नका, तो सहा महिन्यांत दगा देतो. मदरबोर्डवर साटा पोर्ट कमी पडले तर एचबीए कार्ड (नुसते पोर्ट वाढवणारं) लावा, रेड कार्ड नको. झेडएफएसला डिस्क थेट दिसायला हव्यात, मध्ये दलाल नको.

विजेचा हिशोब इथेच करून टाकू. जुना पीसी ६० वॉट धरा, तयार नॅस २०. चोवीस तास, तीस दिवस : ४३.२ युनिट विरुद्ध १४.४. युनिट दहा रुपये धरलं तर महिन्याला २८८ रुपयांचा फरक, वर्षाला ३,४५६. हा आकडा दाखवून तयार नॅस विकला जातो. पण लॅब चोवीस तास चालवायला सांगितलंय कोणी? संध्याकाळचे तीन तास चालवली तर तोच जुना पीसी महिन्याला ५.४ युनिट खातो, चोपन्न रुपये. घरचे फोटो आणि लॅब एकाच डब्यात ठेवायची असेल तर गोष्ट वेगळी, पण ती खिचडी मी करणार नाही. लॅब म्हणजे मोडायची जागा. आईबाबांचे फोटो तिथे कशाला?

पायरी ५ : एनएफएस की आयस्कझी

एनएफएस नॅसवरचं फोल्डर वाटतो, आयस्कझी कोरी डिस्क. कोणता घ्यायचा हे तुमच्या हायपरव्हायझरवर (व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर) ठरतं. मायक्रोसॉफ्टचं हायपर-व्ही असेल तर एनएफएसवर व्हीएम चालतच नाहीत, एसएमबी ३ (विंडोजची फाईल वाटायची पद्धत) किंवा आयस्कझी घ्या. व्हीएमवेअरचं ईएसएक्सआय दोन्ही घेतं. त्याची फुकट आवृत्ती व्हीएमवेअरची मालक ब्रॉडकॉमने फेब्रुवारी २०२४ मध्ये बंद केली आणि एप्रिल २०२५ मध्ये परत आणली, त्यामुळे मधल्या काळात बरीच लॅब प्रॉक्समॉक्सवर गेली. हा लेखही त्याच अंगाने चाललाय. आणखी एक : ईएसएक्सआय ७ पासून साध्या मदरबोर्डवरचं रिअलटेक लॅन कार्ड आपणहून ओळखत नाही. जुने पीसी गोळा करताना हे आठवा.

प्रॉक्समॉक्सवर नवा माणूस असेल तर एनएफएस. १९८४ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने काढलेली ही म्हातारी अजून ठणठणीत आहे. व्हीएमची डिस्क म्हणजे शेअरवरची एक साधी फाईल. ती क्यूकाऊ-२ या प्रकारची ठेवली की स्नॅपशॉट मिळतात, दोन्ही होस्टना एकाच वेळी दिसते, कॉपी करून बाजूला ठेवता येते. पहिल्या दिवशी "परवानगी नाही" अशी चूक हमखास येते. होस्ट रूट म्हणून लिहायला जातो आणि नॅस रूटला ओळख देत नाही. ट्रूनॅसमध्ये शेअरच्या सेटिंगमध्ये मॅपरूट युजर म्हणून रूट निवडा आणि शेअर फक्त दोन होस्टच्या आयपीपुरता उघडा.

दुसरा खड्डा वेगाचा आहे. ईएसएक्सआय एनएफएसवर प्रत्येक लेखन "डिस्कवर पक्कं उतरलं का?" असं विचारत करतं. हार्ड डिस्कच्या झेडएफएस पूलवर हे गोगलगायीच्या चालीने जातं. लोक मग पूलचं सिंक, म्हणजे ही विचारणा, बंद करून टाकतात, वेग दहापट होतो आणि सगळे खूश. वीज गेली की शेवटची पाचेक सेकंदं हवेत. यूपीएस असेल आणि लॅब पुन्हा उभारायची तयारी असेल तर खुशाल करा, पण काय केलंय ते माहीत असू द्या. एसएसडीच्या पूलवर बहुतेक वेळा ही वेळच येत नाही.

आयस्कझी शिकायचं असेल तर जरूर शिका, नोकरीत ते लागतंच. विंडोज फेलओव्हर क्लस्टर किंवा व्हीएमएफएस (ईएसएक्सआयची फाईल सिस्टीम) यांचा सराव बहुधा त्यावरच करतात. एक गोष्ट मात्र पाटीवर लिहून ठेवा. आयस्कझी नॅसवरची कोरी डिस्क देतो, फाईल नाही. तीच डिस्क दोन होस्टना जोडून त्यावर साधी ईएक्सटी४ फाईल सिस्टीम केली आणि दोघांनी लिहायला सुरुवात केली, की काही मिनिटांत भाजी होते. प्रॉक्समॉक्समध्ये त्यावर साधा एलव्हीएम (लिनक्समधली डिस्कचे भाग पाडायची सोय) करून तो शेअर्ड म्हणून जोडा. एलव्हीएम-थिन दोन होस्टमध्ये वाटता येत नाही. साध्या एलव्हीएमवर स्नॅपशॉट नसायचे. प्रॉक्समॉक्स ९ मध्ये आलेत, पण अजून चाचणीच्या पातळीवर.

पायरी ६ : केबल आणि स्विच

गिगाबिट पुरतं. साठ जीबीचं टेम्प्लेट गिगाबिटवर नऊ मिनिटांत जातं, २.५ वर साडेतीन. ज्याला घाई आहे त्याने २.५ घ्यावं, कॅट ५ई केबलही त्याला चालते. दोन पोर्ट एकत्र बांधून एका कॉपीचा वेग दुप्पट होत नाही, हे मी तीन दिवस घालवून शिकलोय.

इंटरनेटवाल्याने दिलेल्या राऊटरला नॅस जोडू नका. त्यातले कित्येक पोर्ट अजून १०० एमबीपीएसचे असतात. कॉपीचा वेग ११ एमबीवर चिकटून बसला तर दुसरं काही शोधायच्या आधी लिंकचा वेग बघा. पाच पोर्टचा साधा गिगाबिट स्विच वेगळा घ्या. केबल शुद्ध तांब्याची घ्या, तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची नको. जंबो फ्रेम (नेटवर्कवरून मोठी पॅकेट पाठवायची सोय) पहिलं वर्ष विसरून जा.

नॅसला कायमचा आयपी द्या आणि होस्टवर शेअर जोडताना नावाऐवजी आयपी लिहा. डीएनएसचा (नावावरून आयपी सांगणारा) सर्व्हर व्हीएममध्ये, व्हीएम नॅसवर, आणि नॅसचा पत्ता डीएनएसमध्ये, अशी गाठ मी स्वतः मारून बसलो होतो. वीज गेल्यावर कोणीच कोणाला उठवेना.

पायरी ७ : ऊन आणि वीज

नागपुरात डिस्कच्या जोडीला नवतपा (मेअखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस) पण हिशोबात धरावा लागतो. २०२४ च्या मे महिन्याच्या शेवटी इथल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि देशभर बातमी झाली. नंतर सेन्सर बिघडल्याचं निघालं. पण ४५-४६ खरेच असतात, आणि गच्चीखालच्या खोलीत दुपारी तीनला पंख्याखालीही चाळिशी पार होते. बहुतेक हार्ड डिस्कची कागदावरची मर्यादा ६० अंशांच्या आसपास असते. डिस्क खोलीपेक्षा दहा-बारा अंश गरम राहते, म्हणजे बेरीज तुम्हीच करा. माझ्या नॅसमध्ये एका मेमध्ये ५४ दिसले. बंद कपाटात ठेवला होता, "धूळ नको" म्हणून.

तेव्हापासून काही नियम केले. नॅस जमिनीपासून वीतभर वर, घरातल्या सगळ्यात थंड खोलीत, कपाटाबाहेर. डिस्कसमोर १२० मिलिमीटरचा पंखा. मे महिन्यात दुपारी बारा ते पाच लॅब बंद. कूलरच्या थेट झोतात मात्र कधीच नाही. ताटीतून पाण्याचे तुषार उडतात, आणि खाऱ्या पाण्याची ती पांढरी पूड बोर्डावर बसते. एका उन्हाळ्यात माझ्या स्विचच्या जाळीवर इतकी साचली होती की ब्रशने खरवडावी लागली. कूलरच्या बाजूला, त्याच खोलीत, भिंतीच्या आडोशाला चालतं. इथेही एसएसडीचं पारडं जड आहे, ते एवढे तापत नाहीत.

आता वीज. घरी इन्व्हर्टर आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. पीसीचा एसएमपीएस (आतला वीज पुरवणारा डबा) वीज गेल्यावर पंधरा-सोळा मिलिसेकंद दम धरतो. इन्व्हर्टरच्या मागे बहुधा एक बटण असतं, साधा मोड आणि यूपीएस मोड. साध्या मोडमध्ये बदलाला त्याहून जास्त वेळ लागतो. पंख्याला कळत नाही, पीसी मात्र बसतो.

पहिल्या वळवाची रात्र होती. वारा सुटला, लाईट गेली, इन्व्हर्टरने उचललं. दोन्ही मिनी पीसी तगले, नॅस मात्र रीस्टार्ट झाला. वर यायला त्याला चार मिनिटं लागली. तेव्हा मी आयस्कझीवर होतो. होस्टने दोन मिनिटं वाट पाहिली आणि डिस्क गेली असं ठरवून टाकलं. नॅस परत आला तेव्हा सगळ्या लिनक्स व्हीएमनी आपापली फाईल सिस्टीम फक्त वाचण्यापुरती करून ठेवली होती. एकेकाला बंद करून, दुरुस्ती चालवून उठवताना रात्रीचे दीड वाजले. एनएफएसवर असतो तर बहुधा ते नुसते थिजून राहिले असते आणि नॅस आल्यावर पुढे चालू लागले असते.

म्हणून पैसे कमी असतील तर एसएसडी एका टीबीऐवजी ५०० जीबीचा घ्या, पण यूपीएस घ्या. ६०० व्हीए पुरतो. त्याला यूएसबी डेटा पोर्ट आहे ना ते दुकानातच बघा. स्वस्तातल्या कित्येक यूपीएसना तो नसतो, आणि त्याशिवाय नॅसला कळत नाही की आपण बॅटरीवर आहोत. नॅस, होस्ट आणि स्विच, तिन्ही यूपीएसवर. स्विच विसरलात तर बाकी सगळं जिवंत असून एकमेकांना दिसणार नाही. ट्रूनॅसमध्ये यूपीएस सेवा आधीपासून असते. ती एनयूटी नावाचं सॉफ्टवेअर वापरते, होस्टनाही त्याच सेवेला जोडता येतं. बंद व्हायचा क्रम आधी व्हीएम, मग होस्ट, सगळ्यात शेवटी नॅस. चालू होताना बरोबर उलटा. प्रॉक्समॉक्समध्ये व्हीएम आपोआप सुरू व्हायला उशीर लावता येतो, तो नॅसला उठायला लागतो त्यापेक्षा जास्त ठेवा.

पायरी ८ : कामाला लावण्याआधी मुद्दाम मोडा

पहिला आठवडा त्यावर काही महत्त्वाचं ठेवू नका. आधी एका व्हीएममध्ये एफआयओ (डिस्कचा वेग मोजणारं साधन) चालवून चार केबीचं विस्कळीत लेखन मोजा आणि आकडा वहीत लिहा. पुढे कधी लॅब हळू वाटली तर तुलनेला काहीतरी हवं. चार व्हीएम एकदम सुरू करून घड्याळ लावा. एका व्हीएमला पिंग चालू ठेवून तो दुसऱ्या होस्टवर हलवा, किती पिंग गळाले ते मोजा. एक बॅकअप खरोखर परत आणून बघा. मिररमधला एक एसएसडी काढून घ्या आणि नॅसने तुम्हाला ईमेल पाठवला का ते तपासा. बहुतेकांचा ईमेल इथेच सेट नसल्याचं उघड होतं.

आणि सगळ्यात शेवटी, व्हीएम चालू असताना नॅसची वायर ओढा.

भाच्याने शेवटी जुना पीसी घेतला, दोन टीएलसी एसएसडी, बॅकअपला एक हार्ड डिस्क आणि यूपीएस. पहिल्या यादीतल्या एका डिस्कच्या किंमतीत यातलं बरंच आलं. गेल्या रविवारी त्याने वायर ओढायची चाचणी केली, मी व्हिडिओ कॉलवर होतो. मागून ताईचा आवाज आला, "चालू मशीनची वायर काहून ओढून राहिला रे? आणि मामा पाहून राहिला?" नॅस परत उठायला तीन मिनिटं दहा सेकंदं लागली. व्हीएमचा उशीर त्याने पाच मिनिटांवर ठेवलाय.